वादळानंतरचे दोन दिवस

(भनपुरी, रायपूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे मराठी माणूस पोटापाण्यासाठी जिथे जिथे गेला, तिथे तिथे व्याख्यानाची ही आवड बरोबर घेऊन गेला. पुण्यात हे दिवस संध्याकाळच्या वाऱ्यावर बसून ऐकण्याचे. आपल्या रायपुरात हेच दिवस पारा चव्वेचाळीस अंशांवर नेणारे आणि चार वाजले की आभाळाकडे बघत गच्चीवरचे वाळवण उचलायला लावणारे असतात. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक दिवस, तोंडावर आला आहे. पाऊस स्थिरावेपर्यंत एखाददुसरे मोठे वादळ आपल्या वाट्याला येणार, हे आपण सगळे धरून चालतो. म्हणून आज मी विषय घेतला आहे तो त्या वादळानंतरचा. वादळ सरल्यावर आपल्या परसातल्या पाखरांचे, खारींचे, सरड्यांचे, बेडकांचे काय होते आणि त्यात आपला हात कुठे लागतो, एवढेच मला सांगायचे आहे.

माझे म्हणणे आधीच मांडून ठेवते. वादळ अर्ध्या-पाऊण तासात निघून जाते. त्यात जे जायचे ते जाते, त्याला इलाज नसतो. पण त्यानंतरच्या दोन दिवसांत आपण कोयते, करवती आणि खराटे घेऊन जी सफाई करतो, तिच्यात वादळातून वाचलेले कितीतरी जीव मरतात. ते मरण टाळता येते. त्यासाठी पैसा लागत नाही, पदवी लागत नाही. थोडा दम धरावा लागतो आणि काय बघायचे ते ठाऊक असावे लागते.

आधी वादळच समजून घेऊ. आपले छत्तीसगडी शेजारी ज्याला गर्रा-धूंका म्हणतात, ते येते कुठून? एप्रिल-मे महिन्यांत इथली जमीन भट्टीसारखी तापलेली असते. बंगालच्या उपसागरावरून ओलसर वारे आत शिरतात, वायव्येकडून कोरडे, गरम वारे येतात आणि त्यांची गाठ आपल्या या पट्ट्यावर पडते. तापलेली दमट हवा वेगाने वर चढते आणि दुपारपर्यंत बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. ढगात पाणी आणि गारा साचल्या की त्या खाली येताना आपल्याबरोबर थंड हवाही ओढून आणतात. ती हवा जमिनीवर आदळते आणि चहूबाजूंना पसरते. म्हणून आपल्याकडे पाऊस पडायच्या आधी वारा येतो आणि वाऱ्याच्या आधी धूळ येते. भनपुरीत ती धूळ नुसती मातीची नसते. उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी तिच्यात मिसळलेली असते. शेडचे पत्रे वाजायला लागतात, बिलासपूर रस्त्यावरचे ट्रक बाजूला थांबतात, वीज जाते आणि आपण खिडक्या लावून घेतो.

पाखरांना मात्र खिडक्या नाहीत. त्यांनी काय केले, हे आपण त्या अर्ध्या तासात पाहू शकत नाही. पण वादळाच्या आधी लक्ष ठेवले तर पुष्कळ काही दिसते. हवेचा दाब उतरू लागला की काही पक्षी घाईघाईने जास्त खातात, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आपल्या परसातही साळुंक्या अशा वेळी जमिनीवरून हलत नाहीत. मग वारा सुटला की त्या कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या दाट भागात, खोडाच्या जवळ सरकतात. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतो. पाठ केली तर पिसे उलटी होतील आणि अंगापर्यंत पाणी जाईल. पिसे अंगाला चिकटलेली राहिली तर पाणी वरून ओघळून जाते. एवढ्या साध्या सवयीवर धडधाकट पाखरू बहुतेक वादळे काढते.

न निभावणारे एकच संकट असते, ते गारांचे. आपल्या मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर गोंदियाच्या पुढे तुमसर रोड स्टेशन लागते, ते आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. फेब्रुवारी २०१८ च्या गारपिटीत तिथे तुमसरला रात्रीच्या मुक्कामाला एकत्र जमलेले शेकडो पोपट मेले. पोपट रात्री एकेकटे झोपत नाहीत, ठरलेल्या झाडांवर थव्याने उतरतात. त्यामुळे गारांचा एक तडाखा सगळ्या थव्याला लागतो. ज्या मुलखात दिवाळीच्या दिवसांत बायका मातीचा सुवा मधे ठेवून फेर धरतात आणि आपले सुखदुःख त्या पोपटाला सांगतात, त्या छत्तीसगडात राहणाऱ्यांनी ही गोष्ट मनाला लावून घ्यावी, असे मला वाटते.

पण गारा दरवेळी पडत नाहीत. नेहमीच्या वादळात खरी झळ लागते ती ज्यांना उडता येत नाही त्यांना, म्हणजे पिलांना. हे आपण कॅलेंडर समोर ठेवून पाहू. पोपट आणि पिंगळे हिवाळा सरता सरता ढोलीत अंडी घालतात. मे उजाडेपर्यंत त्यांची पिले बहुतेक बाहेर पडलेली असतात. तांबटाचेही तसेच. पण कावळ्याची घरटी नेमकी मे-जूनमध्ये भरलेली असतात आणि त्यातच कोकिळेचे अंडे असते. साळुंकी एप्रिलपासून पुढे वीण करते. बुलबुल जास्वंदीत, मेंदीच्या कुंपणात हातभर उंचीवर बसलेला असतो. शिंपी पक्षी दोन पाने शिवून त्यात कापूस भरतो. शिंजीर कोळ्याच्या जाळ्याने बांधलेले लांबट घरटे फांदीच्या टोकाला लोंबते ठेवतो. खारींची पिले तर याच दिवसांत हमखास सापडतात. म्हणजे वादळाचा मोसम आणि पाळणे हलण्याचा मोसम आपल्याकडे एकच आहे. पिसे न फुटलेल्या पिलाला पहिल्या आठवड्यात स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही. ते पडून मरत नाही इतके भिजून आणि गारठून मरते. आणि ज्या पिलाला ऊब वेळेवर मिळते ते पुष्कळदा वाचते. हा ‘वेळेवर’ महत्त्वाचा आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या परसातल्या कडुनिंबाची एक जाड फांदी वादळात मोडून कुंपणावर आडवी झाली. पाऊस थांबल्यावर पाहिले तर तिच्या बेचक्यात खारीचे घरटे तसेच अडकलेले होते. सुतळीचे धागे, नारळाच्या काथ्या, सुकलेले गवत, कोणाच्या तरी उशीतला कापूस आणि कूलरच्या ताटीतला वाळा, असे सगळे गुंफून केलेला, दोन ओंजळींत मावेल इतका गोळा. आत तीन पिले होती. डोळे मिटलेले, अंगावर केस नाही, गुलाबी कातडीखाली पाठीवरच्या पट्ट्यांची नुसती चाहूल. आम्ही चपलांचे खोके घेतले. घरट्याचाच कोरडा भाग त्यात घातला, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कडेला ठेवली आणि मांजराचे तोंड पोचणार नाही अशा उंचीवर खोके त्याच झाडाच्या बुंध्याला बांधले. मग सगळे घरात गेलो.

खार आली ती बराच वेळ खोक्याकडे न येता वरच्या फांदीवरून चिरचिरत राहिली. मग खोडावरून उलटी उतरली, खोक्यात डोके घालून परत वर पळाली. पुन्हा आली. या वेळी तिने एक पिलू तोंडात धरले. पिलाने शेपूट आणि पाय गोळा करून तिच्या गळ्याभोवती वेटोळे घातले आणि ती ते ओझे घेऊन सरळ भिंतीवर चढून कौलाखालच्या फटीत शिरली. तिन्ही खेपा तिने अंधार पडायच्या आत पुऱ्या केल्या. फांदी तोडायला येणाऱ्या माणसाला आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बोलावले होते. तो त्याच संध्याकाळी आला असता तर करवतीच्या आवाजात ती खार खाली उतरली नसती, आणि घरटे पाल्याबरोबर गाडीत गेले असते. मी जी दोन दिवसांची गोष्ट करते आहे, ती ही.

आता दुसऱ्या सकाळकडे वळू, कारण वादळ नुसते हिरावून नेत नाही. पहिल्या पावसाने जमीन भिजली की संध्याकाळी वाळवीच्या वारुळातून पंख फुटलेले किडे हजारोंनी बाहेर पडतात. आपण त्यांना दिव्याभोवती बघतो आणि दिवा मालवतो. बाहेर मात्र मेजवानी लागलेली असते. कावळे, साळुंक्या, कोतवाल हवेतच ते टिपतात. अंधार पडला की पिंगळा तारेवर येऊन बसतो. भिंतीवर पाली जमतात. खाली बेडूक आणि चिचुंद्री. ज्या आईच्या चोचीत कालपर्यंत कोरड्या उन्हातली एखादी अळी येत होती, तिला एका संध्याकाळी पिलांच्या चार दिवसांची तूट भरून काढता येते. पानांवरची काळी भुकटी धुतली जाते आणि महिनाभर राखाडी दिसणारा करंज हिरवा होतो. रिकाम्या प्लॉटवर मखमली लाल मृगाचे किडे चालू लागतात, त्यांना इथे रानी कीडा म्हणतात. खड्ड्यात पाणी साचले की मोठे बेडूक रात्रभर ओरडतात आणि त्यांचे नर या दिवसांत हळदीसारखे पिवळे होतात. अशा खड्ड्यात अंडी, मग बेडकीची पिले, त्यांच्यावर टपलेल्या चतुरांच्या अळ्या, असा संसार आठवड्यात उभा राहतो.

इथे कोणी म्हणेल, पाणी साचू दिले तर डास होतील. रास्त शंका आहे. डेंग्यूचा डास मातीच्या खड्ड्यापेक्षा साठवलेल्या, स्वच्छ, उघड्या पाण्यात जास्त वाढतो. कूलरच्या टाक्या, गच्चीवरचे टायर, कुंड्यांखालच्या थाळ्या, फुटके डबे हे त्याचे घर. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून या गोष्टी आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासून कोरड्या करायच्या. वाहनांच्या आणि कारखान्यांच्या या वस्तीत जुने टायर जागोजागी आहेत. सफाईचा सगळा जोर तिथे लावावा. बेडकांच्या खड्ड्यावर माती लोटण्याची घाई करू नये.

आता सफाईचा मुद्दा. पडलेला पाला आणि लाकूड पाहिले की आपल्याला ते केर वाटते. शहरात राहणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे. रस्त्यावर, विजेच्या तारांवर, कोणाच्या दारात पडलेले झाड ताबडतोब हटवलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. तारेला लागलेल्या फांदीजवळ कोणी जाऊही नये, लाइनमन येईपर्यंत थांबावे. मी बोलते आहे ते परसात, कुंपणाच्या आत, कोणाच्या वाटेत न येता पडलेल्या झाडाबद्दल.

या बाबतीत इंग्लंडने एक मोठा धडा घेतला आहे. १५-१६ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री दक्षिण इंग्लंडवर वादळ आले आणि सुमारे दीड कोटी झाडे पडली. लोक हादरले. सरकार, संस्था, जमीनमालक सगळे यंत्रे घेऊन साफसफाईला लागले. लाकूड उचलले, जमीन सपाट केली, नवी रोपे रांगेने लावली. काही ठिकाणी मात्र पडलेली झाडे मुद्दाम तशीच राहू दिली. वर्षे गेली तसे अभ्यासकांना दिसले की ज्या जंगलांना हात लावला नव्हता ती आपोआप उभी राहिली. आडव्या पडलेल्या झाडांनाही धुमारे फुटले, कुजत्या लाकडात किडे, बुरशी, पक्षी आले. अवजड यंत्रांनी जमीन दाबून साफ केलेल्या जागा मागे पडल्या. पुढे तिथे उघडपणे मान्य केले गेले की वादळापेक्षा घाईच्या सफाईने काही ठिकाणी जास्त नुकसान केले.

त्याच वादळात लंडनच्या क्यू उद्यानात सातशे झाडे पडली. तिथे १७९८ साली लावलेला टर्नर ओक नावाचा एक जुना वृक्ष आहे. वाऱ्याने तो मुळांच्या गड्ड्यासकट वर उचलला आणि पुन्हा जागेवर बसवला. आधीच तो मरगळलेला होता. आता जगत नाही असे धरून, त्याला टेकू देऊन, माळ्यांनी तो शेवटी बघायचा म्हणून बाजूला ठेवला. तीन वर्षांनी त्याच्याकडे वळले तर झाड पूर्वीपेक्षा जोमात वाढत होते. कारण शोधल्यावर कळले की वर्षानुवर्षे लोकांच्या पायांनी बुंध्याभोवतीची माती दगडासारखी झाली होती, मुळांना हवा मिळत नव्हती. वादळाने ती माती सैल केली. त्यानंतर क्यूच्या माळ्यांनी जुन्या झाडांच्या मुळाशी दाबाने हवा सोडून माती मोकळी करायला सुरुवात केली.

आपल्या भनपुरीकडे या नजरेने बघा. झाड का पडते? वारा फक्त शेवटचा धक्का देतो. त्याआधी आपण नालीसाठी एका बाजूची मुळे तोडलेली असतात, केबलसाठी दुसऱ्या बाजूची. तारा वाचवायला फांद्या एकाच अंगाने छाटलेल्या असतात, त्यामुळे सगळा भार एका बाजूला. बुंध्याला चिकटून फरशी किंवा काँक्रीट घातलेले असते. झाडाची बहुतेक मुळे वरच्या मीटरभर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडे पसरतात. तिथे पाणी आणि हवा बंद केली की झाड आतून सुकते आणि एका संध्याकाळी कोसळते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता. तो दिल्लीसाठी असला तरी झाडाचे शास्त्र दिल्लीत आणि रायपुरात वेगळे नाही. आपल्या घरासमोरचे आळे आपण आपल्या हाताने मोकळे करू शकतो. एक कुदळ आणि रविवारची सकाळ एवढेच लागते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. वादळ थांबल्यावर परसात एक फेरी मारा, शक्य तर अंधार पडायच्या आत. पडलेल्या फांदीला हात लावण्याआधी तिची बेचकी, ढोली आणि पानांचे घोस बघा. मुले बरोबर असू द्या, त्यांचे डोळे आपल्यापेक्षा खाली असतात.

पिलू सापडले तर आधी ते कोणत्या वयाचे आहे ते पाहा. अंगभर पिसे आहेत, आखूड शेपूट आहे, टुणटुण उडी मारते आहे, तर ते नुकते घरट्याबाहेर पडलेले पिलू आहे. त्याचे आईबाप जवळच असतात आणि जमिनीवर येऊन भरवतात. त्याला कुंपणात किंवा बुटक्या फांदीवर ठेवा, कुत्र्या-मांजराला आवरा आणि निघून जा. पिसे नसलेले पिलू असेल तर घरटे शोधून त्यात परत ठेवा. घरटे विस्कटले असेल तर तळाला भोके असलेली लहान टोपली किंवा दुरडी घ्या, सुके गवत घाला, त्याच झाडावर बांधा. माणसाचा हात लागला की पक्षीण पिलाला टाकते, हा समज खरा नाही. टोपलीत भुकेल्या पिलाचा आवाज आला की ती येते. मात्र आपण उभे राहिलो तर येत नाही.

बधिर झालेला मोठा पक्षी सापडला तर हवेसाठी भोके पाडलेल्या खोक्यात, कोरड्या फडक्यावर, अंधारात आणि शांततेत एक-दोन तास ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मागेच उघडते, पाणी थेट फुफ्फुसात जाते आणि आपण प्रेमाने त्याचा जीव घेतो. दूध तर मुळीच नको, पक्ष्याला ते पचत नाही. शुद्धीवर आला की झाकण उघडा, बहुतेक पक्षी आपणहून उडतात. पंख मोडलेला असेल तर वनखात्याला कळवा. नवा रायपूरच्या जंगल सफारीत वन्यप्राण्यांच्या उपचाराची सोय आहे. आणि वाचवलेला पोपट किंवा मैना पिंजऱ्यात ठेवू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की वाचवलेल्या जिवाला आपले म्हणून अडकवून ठेवण्याने आपण त्याला वाचवले असे होत नाही.

वटवाघूळ खाली पडलेले दिसले तर उघड्या हाताने कधीही धरू नका. जाड कापड आणि लांब काठी वापरून ते फांदीजवळ न्या, किंवा जाणत्या माणसाला बोलवा.

सापांबद्दल मोकळेपणाने बोलले पाहिजे. पावसाने बिळे भरली की साप कोरड्या जागा शोधतात आणि विटांचे ढीग, पत्रे, पडलेली लाकडे त्यांना सोयीची वाटतात. धामण आणि दिवड बिनविषारी आहेत. धामण उंदीर खाऊन आपले धान्य वाचवते. नाग, ज्याला इथे डोमी म्हणतात, आणि मण्यार हे मात्र जीवघेणे. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा चावा पुष्कळदा जाणवतसुद्धा नाही. पहाटे पोट दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसली तर झाडफूक करणाऱ्याकडे न जाता सरळ दवाखाना गाठा. आपल्याजवळ मेकाहारा हे सरकारी रुग्णालय आहे, टाटीबंधला एम्स आहे. भारतात बनणारी सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. वादळानंतरचे काही आठवडे जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. पडलेले लाकूड हाताने न उचलता आधी काठीने हलवा. घराच्या भिंतीपासून दूर, परसाच्या एका कोपऱ्यात लाकडांचा ढीग ठेवला तर साप-सरड्यांना जागा मिळते आणि घर सुरक्षित राहते. दोघांचे हित एकाच व्यवस्थेत साधते.

कोणी विचारेल, एवढ्याशा परसात असे किती जीव असणार? भनपुरीसारख्या कारखान्यांच्या वस्तीत हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. खारून नदीच्या काठापासून बिरगावपर्यंत सलग हिरवळ कुठे उरली आहे? जे आहे ते तुकड्यातुकड्यांत आहे. एका घरामागचा पेरू, दुसऱ्या घराचा मुनगा म्हणजे शेवगा, देवळामागचा पिंपळ, कारखान्याच्या कुंपणालगतचे करंज. शिंपी पक्ष्याला आणि खारीला एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाता आले तरच त्यांचे आयुष्य चालते. वादळात दोन झाडे गेली आणि आपण तिथे फरशी घातली, तर ती साखळी तिथे तुटते. एखादे परस लहान असते, पण साखळीतली कडी लहान नसते.

आणि हे काम करायला मोठी वस्तीच लागते असेही नाही. आपल्याच राज्यात, गरियाबंद जिल्ह्यातल्या लचकेरा गावी, पावसाच्या तोंडाशी उघड्या चोचीचे करकोचे येतात आणि गावातल्या झाडांवर घरटी करतात. वादळी दिवसांतच त्यांची वीण सुरू होते. गाव त्यांना पावसाचा निरोप आणणारे मानते. पक्ष्यांना त्रास देणाऱ्याला गावाने दंड ठरवला आहे. कोरबा जिल्ह्यातल्या कनकी गावातही लोक या करकोच्यांना असेच जपतात. हे पक्षी धानाच्या शेतातल्या गोगलगाई खातात, हा फायदा तर आहेच. पण गावाने त्यांना जपले ते आपले पाहुणे म्हणून. अंगणातल्या चिंचेवर विष्ठा पडते, वास येतो, आवाज होतो, तरी लोक झाड तोडत नाहीत. ही शिकवण पुस्तकातली नाही, शेजारच्या जिल्ह्यातली आहे.

कोकणातल्या आपल्या माणसांनीही हे दुःख पाहिले आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले आणि नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारीत उघड्या पडल्या. सुपारीचे झाड फळाला यायला वर्षे लागतात, पण त्या सावलीत वाढणारे जायफळ, मिरी आणि तिथली पाखरे ही एका पिढीची जमवाजमव होती. आपल्या परसात तसे मोठे नुकसान नसेल. पण जे पडते ते परत उभे करायचे असते, हे तिथे आणि इथे सारखेच.

म्हणून शेवटी लावणीबद्दल सांगते. लहान झाड कलले असेल आणि निम्मी मुळे जमिनीत असतील तर ते वाचते. मुळांवर ओले पोते घाला, फांद्यांचा तिसरा हिस्सा कमी करा, दोन दिवसांत सरळ करून टेकू द्या. मोडलेल्या फांदीचा चिरफाळलेला भाग नीट कापा, म्हणजे जखम भरते. आणि मोडलेली मुनग्याची किंवा वडाची मनगटाएवढी फांदी फेकू नका. पावसाच्या सुरुवातीला ती ओल्या जमिनीत हातभर पुरली की तिला मुळे फुटतात. वादळाने जे मोडले त्यातूनच रोप मिळते. नवे झाड विकत आणायचे तर कडुनिंब, करंज, अर्जुन, चिंच, जांभूळ यांसारखी घट्ट मुळांची झाडे आणा. भराभर वाढणारी, ठिसूळ लाकडाची शोभेची झाडे पुढच्या वादळात पुन्हा पडतील.

आपल्याकडे दिव्यांची अवस असते त्याच दिवशी इथे हरेली असते. शेतकरी नांगर, कुदळ धुऊन पुजतात, दारांवर कडुनिंबाच्या डहाळ्या खोचतात. माझी आपल्याला विनंती आहे की त्या दिवसाच्या आत प्रत्येक घराने, पडलेल्या प्रत्येक झाडाच्या बदल्यात एक झाड लावावे आणि बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळी ठेवावी. आणि आजच, या मंडपातून बाहेर पडण्याआधी, आपल्या गल्लीतल्या दहा घरांची यादी करा. एका घरी खोके आणि दुरडी, एका घरी शिडी, एका घरी वनखात्याचा आणि सर्पमित्राचा फोन नंबर. वादळ आले की दहाही घरांनी ठरवायचे: तारा आणि रस्ता लगेच मोकळा करायचा, परसाची सफाई मात्र दोन दिवस थांबवायची. हा नियम आपण पाळला तर येत्या मोसमात भनपुरीत पुष्कळ पिले वाचतील, आणि हे काम आपले आहे.